न लिहिलेली ओळ

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात तीन वर्षांपूर्वी एक स्पर्शाने चालणारा पडदा बसविण्यात आला. शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येऊन तो स्वतःच्या हातांनी जोडून दिला होता. पाठीमागे पोस्टकार्डाहूनही लहान असा संगणकाचा एक बोर्ड, पुढे सात इंची काच आणि काचेवर चार चौकोन. वरच्या ओळीत डावीकडे 'मराठी', उजवीकडे 'हिंदी'. खालच्या ओळीत डावीकडे 'विज्ञान', उजवीकडे 'इंग्रजी'. मुलाने चौकोनावर बोट टेकवावे आणि त्या विषयाची पुस्तके कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहेत ते पडद्यावर वाचावे, अशी ती योजना. मुलांना ती फार आवडली. ग्रंथालयाकडे कधी न फिरकणारे पायही तिकडे वळू लागले.

गेल्या पावसाळ्यात चेंडू लागून काच तडकली. बाजारातल्या एका कारागिराने तशीच दुसरी काच आणून बसविली. नव्या काचेची पट्टी उलट्या अंगास निघत होती, म्हणून त्याने ती खालची बाजू वर करून चौकटीत घातली. चित्र अर्थातच उलटे दिसू लागले. ते त्याने संगणकाला सांगून सुलटे करून घेतले. आम्ही समाधानाने पैसे चुकते केले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाई तक्रार घेऊन आल्या.

"सर, मराठीवर बोट ठेवले की इंग्रजी उघडते."

मराठीवर बोट ठेवावे आणि इंग्रजी उघडावी, हा अनुभव महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या पुष्कळ घरांना पडद्यावाचूनही येत असतो. तेव्हा प्रथम आम्ही हसलो. मग जाऊन पाहिले, तो खरेच तसे होते. वरच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवलेले बोट खालच्या उजव्या कोपऱ्यास लागे. मुले मात्र आमच्याहून व्यवहारी. 'हिंदी' हवी तर 'विज्ञान' दाबावे, हे त्यांनी आठवड्याभरात शिकून घेतले, आणि नव्या मुलांची फजिती पाहण्याची एक करमणूकही त्यांना लाभली.

दिवाळीत तो माजी विद्यार्थी घरी आला, तेव्हा आम्ही त्याला शाळेत बोलावून घेतले. त्याने चार-दोन ठिकाणी बोट टेकवून पाहिले आणि म्हणाला, "सर, काच ठीक आहे. ड्रायव्हरही ठीक आहे. काच उलटी बसवली आहे, हे फक्त ड्रायव्हरला कुणी सांगितलेले नाही."

'बोर्ड' म्हटले की आमच्यासारख्याला एक तर खडूचा फळा आठवतो, नाही तर दहावीची परीक्षा. 'ड्रायव्हर' म्हटले की सिटी बसचा. आम्ही त्याला म्हटले, "अरे, हे सारे आम्हांला पहिल्या इयत्तेपासून शिकव." तो संकोचला, पण शिकविले त्याने चांगले. त्या दुपारी जे आम्हांस उमगले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा आजचा उद्देश आहे. कारण त्यातली एक गोष्ट आम्हांला वीस वर्षांपूर्वी ठाऊक असती, तर एका मुलावर झालेला अन्याय टळला असता.

स्पर्शाच्या काचेत पारदर्शक वाहक रेषांचे आडवे-उभे जाळे असते. बोट जवळ आले की त्या जागेची विद्युत्धारणा किंचित बदलते. काचेला जोडलेली एक लहानशी चकती, म्हणजे नियंत्रक, हा बदल टिपते आणि बोट आडवे किती व उभे किती अंतरावर आहे याचे आकडे काढते. मग ती एका स्वतंत्र तारेवरून प्रोसेसरला खूण करते की बातमी तयार आहे. प्रोसेसर ती बातमी बहुधा दोन तारांच्या एका मार्गाने वाचून घेतो. या मार्गाला आय-टू-सी म्हणतात. फिलिप्स कंपनीने तो १९८२ च्या सुमारास योजिला. वाचण्याचे हे काम संगणकात ज्या कार्यक्रमाकडे असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आता अडचण कोठे येते ते पाहा. यूएसबीच्या खाचेत आपण काही खोचले, तर ती वस्तू स्वतःच आपला कर्ता कोण, आपली जात कोणती हे सांगते. लग्नघरी आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यातच नावगाव सांगावे तसे. आय-टू-सी वर बसलेली चकती असे काही आपणहून सांगत नाही. तिला एक क्रमांकाचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर हाक मारली तरच ती 'ओ' देते. फोकलटेकच्या पुष्कळ नियंत्रकांचा पत्ता, संगणकवाल्यांच्या षोडशमान पद्धतीत, ३८ आहे. गुडिक्सच्या जीटी-९११ ला तर दोन पत्ते आहेत. सुरू होताना खुणेच्या तारेवर विजेची पातळी वर आहे की खाली, हे पाहून तो त्यांतला एक धारण करतो. शिवाय खुणेची तार प्रोसेसरच्या कितव्या टोकाला जोडली आहे, चकतीला नव्याने जागे करण्याची तार कोणती, काच किती बाय किती, ती सुलटी बसविली आहे की उलटी, यांपैकी एकही गोष्ट ड्रायव्हर आपल्या बुद्धीने जाणू शकत नाही. या गोष्टी बोर्ड जुळविणाऱ्यालाच ठाऊक असतात.

"मग त्या ड्रायव्हरमध्येच लिहून टाकाव्यात," आम्ही म्हटले.

"लिहिता येतील, सर. पण मग तो ड्रायव्हर त्या एकाच बोर्डाचा झाला. दुसऱ्या बोर्डासाठी दुसरा लिहा, तिसऱ्यासाठी तिसरा. चकती तीच, विद्या तीच, पण तारा निराळ्या."

मुद्दा आमच्या ध्यानी आला. गणित शिकविणारा शिक्षक एका शाळेपुरता घडविलेला नसतो. त्याची विद्या सर्वत्र चालते. शाळा बदलली म्हणजे त्याला एवढेच सांगावे लागते की वर्ग कोणता, घंटा केव्हा होते, फळ्याची चावी कोणाकडे असते.

हे सांगणे कसे पोहोचवावे, याचे लिनक्सच्या जगात दोन काळ होऊन गेले. लिनक्स ही १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेली कार्यप्रणाली. आज असंख्य फोन आणि लहान-मोठी यंत्रे तिच्यावर चालतात. पहिल्या काळात प्रत्येक बोर्डासाठी कार्यप्रणालीच्या गाभ्यातच एक फाईल लिहिली जाई. तीत चकतीचे नाव, तिचा पत्ता व खुणेची तार नोंदवीत. जादा मजकूर असेल तर त्याचे एक वेगळे पुडके बांधून ते कोठे ठेवले आहे एवढेच फाईलमध्ये लिहीत. या पुडक्याचे नाव 'प्लॅटफॉर्म डेटा'. चकतीची आणि ड्रायव्हरची गाठ पडली की ड्रायव्हर ते पुडके उघडून पाही.

सोय चांगली होती, पण पुडक्यावर आत काय आहे याची चिठ्ठी नसे. बांधणाऱ्याच्या आणि उघडणाऱ्याच्या मनात तोच नमुना असला पाहिजे. बांधणाऱ्याने प्रथम रुंदी व मग उंची ठेवली आणि उघडणाऱ्याने उलट धरले, तर मध्ये कोणी टोकणारा नव्हता. कधी पुडके मुळीच नसे. तेव्हा शहाणा ड्रायव्हर आधी ते आहे की नाही हे तपासून पाही.

दुसरे दुखणे संख्येचे. फोनमधले आर्म जातीचे प्रोसेसर वाढले, तसे बोर्ड वाढले. त्या प्रत्येक बोर्डाला एक नोंदणी-क्रमांक देण्याची पद्धत होती, आणि ती वही काही हजारांवर गेली. बोर्डागणिक फाईल, आणि फाईलींत बव्हंशी तोच मजकूर थोड्या फरकाने. एखादी तार बदलली तरी गाभा पुन्हा घडवावा लागे. अखेर मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीरपणे, आणि येथे छापता येणार नाहीत अशा शब्दांत, आपला संताप व्यक्त केला.

त्यातून जो मार्ग सर्वमान्य झाला, तो वस्तुतः जुनाच होता. सन कंपनीच्या संगणकांत 'ओपन फर्मवेअर' नावाची एक व्यवस्था होती. १९९४ मध्ये तिला आयईईई १२७५ या क्रमांकाचे प्रमाण लाभले. ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांतही ती होती. यंत्रात काय काय आहे याचे वर्णन तीत एका वंशवृक्षासारखे मांडीत. मूळ, त्याच्या शाखा, शाखांच्या शाखा. हाच 'डिव्हाइस ट्री', म्हणजे उपकरणांचा वृक्ष. आता बोर्डाचे वर्णन गाभ्याबाहेर एका साध्या मजकुरात लिहितात. त्याचे यंत्राला वाचता येईल असे रूप करतात. यंत्र सुरू करणारा छोटा कार्यक्रम ते स्मृतीत ठेवतो, आणि 'वर्णन अमुक जागी आहे' एवढा निरोप प्रोसेसरच्या एका ठरलेल्या खणात ठेवून गाभ्याला जागे करतो. ३२ बिटी आर्म प्रोसेसरात तो खण 'आर-२', ६४ बिटीत 'एक्स-०'. पुढे बोर्डांच्या फाईली मागे पडत गेल्या. वापरात न उरलेल्या पुष्कळ फाईली २०२३ च्या ६.३ या आवृत्तीत काढूनही टाकण्यात आल्या.

आमच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या बोर्डाचे वर्णन आम्हांला उघडून दाखविले. इंग्रजी होते, पण वाचता येण्याजोगे. आय-टू-सी च्या शाखेखाली, ३८ या पत्त्यावर, अमुक जातीचा स्पर्शपडदा. खुणेची तार अमुक. जागे करण्याची तार अमुक. रुंदी ८००. उंची ४८०. इतकेच.

"यात आता दोन ओळी घालायच्या," तो म्हणाला. "एक 'टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-एक्स', म्हणजे आडवे माप उलटे. दुसरी 'टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-वाय', म्हणजे उभे माप उलटे."

ही नावे त्याच्या पदरची नव्हती. स्पर्शपडद्यांविषयी काय लिहावयाचे आणि कोणत्या शब्दांत, याचा एक सामायिक नियम लिनक्सच्या दस्तऐवजांत लिहिलेला आहे. ड्रायव्हर कोणाचाही असो, शब्द तेच. काच काटकोनात फिरवून बसविली असेल तर आडव्या-उभ्याची अदलाबदल सांगणारी तिसरीही एक ओळ आहे. आमच्या काचेला ती लागली नाही. हिशोब सोपा निघाला. ८०० मापाच्या काचेवर आकडे ० पासून ७९९ पर्यंत. उलटे करायचे तर मिळालेला आकडा ७९९ मधून वजा करावयाचा. उभ्या मापात ४७९ मधून. १०० आणि ६० वर पडलेले बोट मग ६९९ आणि ४१९ वर धरले जाते. चित्र हे एक खाते आणि स्पर्श हे दुसरे. कारागिराने पहिल्याला कळविले होते, दुसऱ्याला कळविण्याचे राहून गेले होते.

आम्ही विचारले, "या ओळींपुढे आकडा नाही, होय-नाही नाही. मग यंत्राला कळते कसे?"

तो म्हणाला, "सर, ओळ असली की 'होय'. ओळ नसली की 'नाही'."

"पण लिहावयाचे राहून गेले असेल तर?"

"तरी 'नाही'च. न लिहिलेले आणि खरोखर नसलेले, यांतला फरक ड्रायव्हरला कळत नाही. तो तक्रारही करत नाही. तो आपला इमानाने काम करतो, फक्त चुकीच्या जागी."

या वाक्याने आम्ही क्षणभर गप्प झालो. आम्हांला एक मुलगा आठवला.

वीस वर्षांपूर्वी आम्ही एका लहान गावच्या शाळेत साधे शिक्षक होतो. अर्ध्या वर्षात एक मुलगा आमच्या वर्गात आला. वडिलांची बदली झाली होती. दाखला व्यवस्थित होता. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचे कारण वडिलांची बदली. डावीकडच्या भिंतीशी शेवटच्या बाकावर जागा रिकामी होती, तेथे आम्ही त्याला बसविले. मुलगा प्रश्नांना उत्तर देईना. दिले तर भलत्याच प्रश्नाचे देई आणि वर्ग हसे. आम्ही त्याला अवधान नाही असे ठरविले. रागावलो. एकदा पूर्ण तास त्याला उभे केले. तिसऱ्या महिन्यात त्याची आई शाळेत आली.

"सर, याला उजव्या कानाने ऐकू येत नाही हो," त्या म्हणाल्या. "तिकडच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे इथे सांगायचं सुचलंच नाही."

डाव्या भिंतीशी बसलेल्या मुलाच्या उजव्या अंगाला सारा वर्ग येतो. न ऐकणारा कानच आम्ही वर्गाकडे करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे, उजव्या टोकाच्या बाकावर आणले. आठवड्याच्या आत त्याचा हात वर जाऊ लागला. आमच्या शिकविण्यात त्या आठवड्यात काहीच पालट झाला नव्हता.

दाखल्यावर कानाची ओळ नव्हती, आणि ती नाही म्हणून कान चांगला आहे, असे आम्ही वाचले होते. तिकडच्या शाळेचा यात काय दोष? तिने ठरलेला नमुना ठरल्याप्रमाणे भरला होता. त्या गुरुजींच्या डोक्यात ही गोष्ट पक्की होती आणि तेथे ती पुरेशी होती. मूल गावाबाहेर पडले आणि ती गोष्ट मागे राहिली.

आमच्या विद्यार्थ्याने निघता निघता आणखी एक गोष्ट सांगितली. इंटेलचे प्रोसेसर असलेल्या, विंडोजसह विकल्या गेलेल्या काही स्वस्त टॅब्लेटांत सिलीडचे नियंत्रक आहेत. अशा यंत्रांत डिव्हाइस ट्री नसतो. त्यांचे वर्णन एसीपीआय नावाच्या निराळ्या तक्त्यांत असते. पण काचेचे माप, तिची दिशा या गोष्टी पुष्कळांच्या तक्त्यांत लिहिलेल्याच नाहीत. अशा यंत्रांसाठी लिनक्सच्या गाभ्यात एक खास फाईल ठेवलेली आहे. यंत्रावर कोरलेले कर्त्याचे व नमुन्याचे नाव पाहून ती ते यंत्र ओळखते आणि राहून गेलेल्या ओळी पुरविते. शब्द तेच, सामायिक नियमातले. त्यामुळे उत्तर वृक्षातून आले, तक्त्यातून आले की या फाईलमधून, याच्याशी ड्रायव्हरला कर्तव्य नाही. या ओळी मिळतात कोठून? पुष्कळदा कोणी ते यंत्र विकत घेतलेला मनुष्य घरी बसून मोजमाप काढतो आणि लिहून पाठवितो. पुढे तेच यंत्र वापरणाऱ्या अनोळखी माणसाचे बोट योग्य जागी पडते. आम्हांला या माणसांविषयी मोठा आदर वाटला.

त्या दुपारी दोन ओळी घातल्या गेल्या, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि 'मराठी'वर बोट ठेवताच मराठी पुस्तके उघडली. मुलांना जरा चुकल्यासारखे झाले, पण तेही सरावले.

आम्ही निवृत्तीच्या जवळ आलो आहोत. चार्ज द्यावयाच्या दिवशी चाव्या, कपाटे, दप्तरे यांची यादी होईल, सह्या होतील. त्या यादीत पाण्याच्या टाकीचा कोणता नळ फिरवू नये हे नसते, तसेच सातवीतल्या कोणत्या मुलीला फिट येते हेही नसते. म्हणून दिवाळीपासून आम्ही एक वही घातली आहे. आम्हांला ठाऊक आहे म्हणून कोठेच लिहिलेले नाही, असे जे जे आठवेल ते तीत साध्या शब्दांत लिहितो. काच उलटी आहे, ही तिच्यातली पहिली नोंद.

प्रवेशाच्या अर्जालाही आम्ही एक कागद जोडला: 'शिक्षकास ठाऊक असावे असे काही.' यंदा बहुतेक पालकांनी ती जागा कोरी ठेवून अर्ज परत केला. ड्रायव्हर कोऱ्या जागेला 'नाही' समजतो, कारण त्याला विचारता येत नाही. आम्हांला विचारता येते. तेव्हा कोरे अर्ज आम्ही बाजूला काढले आणि त्या पालकांना एकेक करून बोलावून घेतले. चौदाव्या अर्जाशी एक आजी थोडा वेळ बोलायच्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "एक आहे बघा, सर. पण ते लिहायचं असतं होय?"